कोपरा कापलेला कागद

भामरेकाका कागदाचं नवं बंडल फोडायचे त्याआधी ते उलटं धरून बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचे. आवाज बसका आला तर बंडल बाजूला ठेवायचे. "दमट आहे. उद्या," एवढंच म्हणायचे. दवाखान्यातल्या कोणालाही यात काही कळत नव्हतं, पण कोणी वादही घालत नव्हतं. कारण भामरेकाकांनी 'उद्या' म्हटलेलं बंडल कोणी आज घातलं, की प्रिंटरमध्ये कागद अडकायचाच.

बंडल फोडल्यावरचं काम मात्र जास्त विचित्र होतं. कागद गुलाबी असेल तर ते शिंप्याची मोठी कात्री काढायचे, वीस-पंचवीस कागदांची एकेक जुडी नीट जुळवायचे आणि तिचा एक कोपरा नखाएवढा उडवायचे. पोपटी कागदाला कात्री लागायची नाही. हे सगळं मान खाली घालून, अजिबात न बोलता चालायचं. खाली गुलाबी चुरा पडायचा आणि तो ते स्वतः झाडून घ्यायचे.

मी तिथे नोकरीला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. संगणकाची पदवी होती आणि फारसं बोलायची सवय नव्हती. शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी, बाहेर गुजराती, घरी आई-बाबांची बुलढाण्याकडची मराठी. त्यामुळे एखादं वाक्य कोणत्या भाषेत सुरू करावं हे ठरेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. भामरेकाकांच्या खोलीत ही अडचण नव्हती, कारण तिथे बोलावं लागायचं नाही. ती खोली दहा बाय आठची. एक प्रिंटर, एक टेबल, सिस्टरांच्या काउंटरकडे उघडणारी एक खिडकी आणि माझा सर्व्हर, जो जागा नव्हती म्हणून तिथे ठेवला होता. मीही त्याच कारणाने तिथे होते.

दवाखाना डोळ्यांचा, एका ट्रस्टचा, गोडादरा या कामगारवस्तीच्या अलीकडे. येणारे बहुतेक लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारे, नाहीतर त्यांचे आईवडील. कोणी खानदेशातले, कोणी ओडिशाचे, कोणी तेलंगणाचे, कोणी उत्तरेकडचे. ऑपरेशननंतर घरी जाताना प्रत्येकाला एक कागद मिळायचा. त्यावर कोणते थेंब, कोणत्या डोळ्यात, दिवसातून किती वेळा हे छापलेलं असायचं. पण तो वाचणार कोण आणि कोणत्या भाषेत? म्हणून फार पूर्वी कोणीतरी ठरवलं होतं की उजव्या डोळ्याचा कागद गुलाबी आणि डाव्याचा पोपटी. सिस्टर बोट ठेवून सांगायच्या, "गुलाबी एटले जमणी आंख." एवढं सगळ्यांना कळायचं. पुष्कळ जणांचे दोन्ही डोळे महिन्याभराच्या अंतराने व्हायचे. मग घरी दोन बाटल्या, दोन वेळापत्रकं आणि दोन कागद. एकाला दिवसातून सहा वेळा थेंब, दुसऱ्याला दोनच वेळा. तिथे रंग चुकला तर नवा डोळा उपाशी राहणार आणि जुन्यावर औषधाचा मारा होणार. म्हणून त्या खोलीत काहीही झालं तरी चालेल, पण रंग चुकायला नको, हा भामरेकाकांचा एकुलता एक नियम होता.

कोपरा का कापता, असं मी त्यांना पहिल्या आठवड्यात विचारलं नाही. सिस्टरनेच आपण होऊन सांगितलं, "डोळ्यावर पट्टी असते ना बेन, त्यांना हाताने चाचपून कळावं म्हणून. भामरेभाईनी मगजमारी छे." मला ते पटलं. म्हातारी माणसं खरंच बाकावर बसून त्या कोपऱ्यावरून बोट फिरवत बसलेली असायची.

काका साठीच्या जवळ आलेले. उंच, पाठीत थोडे वाकलेले, आवाज गरजेपेक्षा मोठा. वीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यावर माणसाचा आवाज पुन्हा लहान होत नाही. गाव अमळनेरच्या बाजूचं. घरी अहिराणी, माझ्याशी मराठी, नयनाबेनशी गुजराती. नयनाबेन म्हणजे दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या बाई. काका मला 'ताई' म्हणायचे. मी त्यांच्या मुलीपेक्षा लहान होते, पण सर्व्हर माझा होता.

मी आले त्याच महिन्यात जुने तीन छोटे प्रिंटर जाऊन एक मोठा आला. ट्रे तीन. वर पांढरा कागद, मध्ये गुलाबी, खाली पोपटी. काका ट्रेला 'खानं' म्हणायचे, गुजराती लोक म्हणतात तसं. प्रिंटर बसवायला कंपनीचा एक तरुण आला होता. त्याने वायर लावली, चार बटणं दाबली आणि चाचणीसाठी गुलाबी कागदावर पन्नास पानं सोडली. मध्ये बत्तीसच गुलाबी कागद होते. काका प्रिंटरच्या कुशीवर तळहात ठेवून उभे होते, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

मध्येच ते म्हणाले, "बंद करा. हिनं खानं बदललं."

"बरोबर आहे काका," तो तरुण हिंदीत म्हणाला. "गुलाबी संपला, म्हणून तिने खालून घेतला. ऑटोमॅटिक आहे. काम थांबायला नको ना."

"का थांबायला नको?"

तो हसला. "अहो, नवीन मशीन आहे."

"लूमचा बाणा संपला, आडवा धागा, तर लूम थांबतो," काका म्हणाले. "शेजारच्या लूमचा बाणा ओढून कापड पुरं करत नाही. जी मशीन थांबत नाही ती माझ्या काय कामाची?"

तो तरुण माझ्याकडे बघायला लागला. मी खाली मान घालून सेटिंगमध्ये गेले आणि एक ट्रे रिकामा झाला तर दुसऱ्यातून घ्यायचं बंद केलं. पुढच्या चाचणीत बत्तीस पानांनंतर प्रिंटर थांबला आणि दिवा लुकलुकू लागला. काकांनी कुशीवरचा हात काढला. "आता शहाणी झाली," म्हणाले.

मला दोन गोष्टींचं नवल वाटलं. एक तर ते न बघता कसं कळलं? त्याचं उत्तर त्यांनी नंतर दिलं. मधल्या ट्रेतून कागद उचलला की यंत्राला एक छोटा झटका बसतो. खालच्यातून उचलला की झटक्यानंतर एक लांबशी थरथर येते, कारण कागदाला जास्त चढायचं असतं. मी हात ठेवून पाहिलं. मला काहीच वेगळं कळलं नाही. पंधरा दिवसांनी कळायला लागलं.

दुसरं नवल वाटायला मला थोडा वेळ लागला. पोपटी कागद समोरच्या थाळीत येऊन पडत होते, गुलाबी गठ्ठ्यावर चढत होते, आणि त्या खोलीतल्या आम्हा तिघांपैकी फक्त काकांचं लक्ष तिकडे नव्हतं.

त्यानंतर मी रांगा बांधल्या. सर्व्हरवर त्या एकाच प्रिंटरची तीन नावं केली: सादो, जमणी, डाबी, म्हणजे साधा, उजवा, डावा. पाठवणाऱ्याला वाटतं प्रिंटर तीन आहेत. खरं तर तिन्ही रांगा एकाच दाराशी येऊन उभ्या राहतात. फक्त प्रत्येक रांगेतल्या कामाबरोबर कोणत्या ट्रेतून कागद घ्यायचा याची सूचना जाते. हे मी काकांना सांगितलं, तेव्हा त्यांनी पडद्यावरची तिन्ही नावं बोटाने मोजली.

"आणि सिस्टरनं चुकीचं नाव दाबलं तर?"

हा प्रश्न माझ्या शिक्षकांनी विचारायला हवा होता. मी सिस्टरच्या हातातली निवड काढून घेतली. नोंदीत 'उजवा' असेल तर कागद आपोआप जमणीच्या रांगेत जाईल. काकांनी ऐकलं, मान हलवली आणि टेबलाच्या कडेवर ठेवलेल्या पुड्यातून बडीशेपेचे दोन दाणे काढून माझ्यासमोर ठेवले. हे त्यांचं बक्षीस असायचं. नगावर. जास्तीत जास्त चार मिळाल्याचं मला आठवतं.

त्यांची चौकशी कधी संपायची नाही. सातवी झालेला माणूस, पण एकदा एखादी गोष्ट विचारली की उत्तराच्या तळाशी जाईपर्यंत सोडायचा नाही. "रांग म्हणता, तर पहिला कोण हे कोण ठरवतं?" "वीज गेली तर रांगेतली माणसं घरी जातात की उभी राहतात?" "आपण इथून पाठवतो तर नेमकं काय जातं? चित्र जातं का?"

चित्र जात नाही, मी म्हटलं. हा प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट समजतो. म्हणजे आपण त्याला चित्र देत नाही, लेखी हुकूम देतो: इथे जा, अमुक अक्षर काढ, पान बाहेर टाक. विश्वास बसेना, म्हणून मी एका कागदाचा हुकूम पडद्यावर उघडून दाखवला. सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह, मग उद्गारचिन्ह, मग ओळींवर ओळी. काकांनी चष्मा वर करून ते वाचल्यासारखं केलं. अर्ध्या तासाने त्यांनी स्वतःहून ट्रेची ओळ शोधली. डाबीचा आणि जमणीचा हुकूम शेजारी ठेवून कुठली ओळ वेगळी आहे ते बोटाने हुडकलं होतं.

"हे एक म्हणजे मधलं खानं? पण मधलं तर दुसरं झालं."

"ही मशीन शून्यापासून मोजते काका. वरचं शून्य, मधलं एक, खालचं दोन."

"बरोबर आहे," ते म्हणाले. हे त्यांना इतक्या पटकन का पटलं ते मला माहीत नाही. मला कॉलेजात पटायला एक सत्र लागलं होतं.

मग मी थोडी फुशारले असेन. मी म्हटलं, या भाषेत नुसता ट्रेचा नंबर नाही, रंगसुद्धा मागता येतो. 'गुलाबी दे' असं लिहिता येतं.

काका एकदम ताठ झाले. "म्हणजे हिला रंग दिसतो?"

"नाही. कोणत्या ट्रेत काय आहे ते आपण आधी तिला सांगून ठेवायचं. आपण सांगितलं की मधल्यात गुलाबी आहे, तर ती तेच धरून चालते. आत निळा घातला तरी तिला कळणार नाही. तिला दिसत काहीच नाही. ती फक्त विश्वास ठेवते."

"म्हणजे तिलाही दिसत नाही!" काका म्हणाले आणि मोठ्याने हसले.

मग हसू थांबलं. 'तिलाही'मधलं ते 'ही' त्या खोलीत पडून राहिलं. मी पडद्याकडे बघत राहिले. काकांनी कात्री उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मला कात्री आठवली, हातात घेऊन अंगठ्याने चाचपलेले कोपरे आठवले, थाळीतले पोपटी कागद आठवले. बंडलाच्या वेष्टनावरच्या इंग्रजी नावातलं पहिलं अक्षर ते बोट ठेवून बघायचे, ते आठवलं.

मी काही विचारलं नाही. बोलायला न येण्याचा आयुष्यात काही उपयोग झाला असेल, तर तो त्या दिवशी. थोड्या वेळाने माझ्यासमोर बडीशेपेचे चार दाणे आले.

बाकीचं त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, प्रत्येक वेळी कागद भरता भरता, माझ्याकडे पाठ करून. ते ज्या लूमवर होते तिच्यात आडवा धागा नेणारे, दोन रंगांचे दोन धोटे चालायचे. धोटा कोणता पुढे येणार ते साखळीतली पट्टी ठरवायची. "लूमला रंगाशी काय देणंघेणं? साखळी म्हणाली वरचं खानं, तर वरचं." कोणता धोटा कुठे घालायचा एवढंच कारागिराचं काम. काकांनी एका धोट्याला खिळ्याने ओरखडा काढून ठेवला होता. तेव्हा त्यांना वाटायचं की सगळेच अशी खूण करत असतील, गुलाबी आणि हिरवा हे फार जवळचे रंग असतील आणि लोक नीट लक्ष देऊन ओळखत असतील. एक दिवस कोणीतरी दोन्ही धोट्यांतला धागा अदलाबदल करून ठेवला. दिवसभर कापड उलट्या रंगात निघालं. संध्याकाळी मास्तर आला, कापड उचललं आणि सगळ्या कारखान्यासमोर म्हणाला, "आंधळा आहेस का रे?"

"मी म्हटलं, नाही. आणि तेव्हाच मला पहिल्यांदा वाटलं, की असेन."

त्यांनी कानाला त्रास होतो असं सांगून लूम सोडला. या दवाखान्यात आधी गेटवर उभे राहिले, मग छपाईच्या खोलीत आले. घरीही कोणाला माहीत नव्हतं. बायकोला वाटायचं, हा माणूस बाजारातून मुद्दाम कच्चे टोमॅटो आणतो.

"डोळ्यांच्याच दवाखान्यात का आलात?" मी विचारलं. एवढं मोठं वाक्य बोलल्याचं मलाच नवल वाटलं.

"इथं कोणी माझ्या डोळ्याकडं बघत नाही ताई," ते म्हणाले. "इथं सगळे दुसऱ्याच्या डोळ्याकडं बघतात."

त्यांची भीती मला तेव्हा कळली. पगाराची भीती होतीच, पण तेवढीच नव्हती. नयनाबेनना समजलं तर त्या या खोलीतून काढणार, यात शंका नव्हती. रंगाच्या कामावर रंग न दिसणारा माणूस कोण ठेवील? आणि आपल्या जागी येणारा माणूस रंग दिसतो म्हणून चाचपणार नाही, असं काकांचं म्हणणं होतं. "ज्याला दिसतं तो बघत नाही," ते म्हणायचे. मला हे वाक्य जरा बनवलेलं वाटायचं.

त्यांचा आणखी एक नियम होता: एका वेळी एकच खानं बाहेर काढायचं. कागद अडकला, गुंता झाला, काहीही झालं तरी एक ट्रे आत बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. मी याला सवय समजत होते. काही लोक आधी डावी चप्पल घालतात तसं.

ऑपरेशनचा मोठा दिवस होता. सकाळपासून जमणी आणि डाबी दोन्ही रांगा वाहत होत्या. काका चहाला गेले होते आणि कागद अडकला. खिडकीतून सिस्टर "बेन, जल्दी" म्हणत होत्या. कागद दोन ट्रेंच्या मधोमध फाटून बसला होता. मी मधला ट्रे काढला, नीट दिसेना म्हणून खालचाही काढला. दोन्ही टेबलावर ठेवले, तुकडा ओढून काढला आणि दोन्ही ट्रे परत आत सरकवले. दोन्ही सारख्याच मापाचे. दोन्ही अगदी अलगद बसले. दिवा हिरवा झाला. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

पुढची वीस मिनिटं मी कागद खिडकीतून देत होते. नऊ कागद दिले. माझे दोन्ही डोळे शाबूत, चष्मासुद्धा नाही. हुकुमात बरोबर ट्रे लिहिलेला आहे हे मला पक्कं माहीत होतं, कारण तो मीच लिहिला होता. त्यामुळे मी कागदाकडे पाहिलंच नाही.

काका आले, हात पुसले आणि थाळीतला दहावा कागद उचलला. वर 'जमणी' छापलेलं होतं. त्यांचा अंगठा कोपऱ्यावर गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी कागद फिरवून चारही कोपरे चाचपले.

"ताई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता, "हा कोणता रंग आहे?"

"पोपटी," मी म्हटलं. आणि मग मला दिसलं.

त्यांनी ट्रे जागच्या जागी घातले. माझ्याकडून नऊही कागद पुन्हा छापून घेतले आणि ते घेऊन अंगणाकडे पळत सुटले. तिथे ऑपरेशन झालेल्यांना खिचडी वाढत होते. आठ जण सापडले. काका प्रत्येकासमोर खाली बसून कागद बदलत होते आणि मी त्यांच्या मागे उभी राहून रंग सांगत होते. नववी बाई गेली होती. सोनाबाई, गोडादरा, गेल्या महिन्यात डावा डोळा, आज उजवा. तिच्या घरी पोपटी कागद आधीच एक होता.

तिचा गुलाबी कागद घेऊन आम्ही दोघं रिक्षाने निघालो. सोनाबाईंची खोली दुसऱ्या गल्लीत होती, दोन्ही बाजूंना लूम धडधडत होते. त्या खाटेवर बसल्या होत्या, डोळ्यावर पट्टी, हातात बाटली. काका दारातूनच ओरडले.

"थांबा, थांबा माय! थेंब टाकू नका!"

"टाकाले मी काय येडी शे?" त्या म्हणाल्या. भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट केलं. तिथे एक पोपटी कागद सरळ टांगला होता आणि शेजारी आजचा, उलटा करून. "गया महिनामा डावा डोयाना कागद हिरवा. आज जेवना डोया कया, तरी कागद हिरवाच. मना दोन्ही डोया डावा शेतस का रे भाऊ?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. उजव्या हाताला अहिराणीत जेवणारा हात म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. गुजरातीतही तसंच आहे, जमवुं म्हणजे जेवणं. जमणी.

काकांनी खिळ्यावरचा उलटा कागद काढला आणि गुलाबी तिच्या हातात दिला. तिने तो डोळ्याजवळ धरून पाहिला. मग त्यांच्याकडे पाहिलं.

"इतला मोठा माणूस तू. तुले रंग दिखस नही का?"

लूमचा आवाज येत होता.

"नही दिखस, माय," ते म्हणाले.

"मंग दवाखानामा दखाड ना!" सोनाबाई म्हणाल्या. "तथाच तर ऱ्हास तू!"

परत येताना रिक्षात काका हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत. इतकी वर्षं माझ्याशिवाय जे कोणाला सांगितलं नाही ते एका अनोळखी बाईला सांगितलं आणि तिने त्यावर औषध सुचवलं.

दुसऱ्या दिवशी नयनाबेननी बोलावलं. मोठे डॉक्टरही बसले होते. "आ शुं थयुं, भामरेभाई? ट्रे कोणी काढले?"

"मी काढले," काका म्हणाले.

मी वाक्य कोणत्या भाषेत सुरू करावं याचा विचार करत होते. तोवर नयनाबेन म्हणाल्या, "तुम्ही? इतक्या वर्षांत कधी नाही आणि काल? रंग दिसत नव्हते का?"

काकांनी तोंड उघडलं, आणि ते 'नाही' म्हणणार आहेत हे मला दिसलं. तोच प्रश्न, पुन्हा सगळ्यांसमोर.

"मी काढले," मी म्हटलं. मराठीत, ज्या भाषेत तिथे कोणी कामकाज करत नसे. "दोन्ही एकदम काढले आणि उलटे घातले. नऊ कागद मी दिले. मला रंग दिसतात. काकांना दिसत नाहीत. पकडलं त्यांनी."

मग मला कळलं, मी काय सांगून बसले ते.

डॉक्टरांनी खणातून ठिपक्यांच्या आकड्यांचं पुस्तक काढलं आणि काकांसमोर एक पान उघडलं. काकांनी ते मोठ्या उत्सुकतेने पाहिलं, तिरकं करून, उजेडाकडे धरून. "इथे काही लिहिलेलं आहे का?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी पान उलटलं. आणखी एक. आणखी एक. "ताई, तुला दिसतं?" "आठ," मी म्हटलं. "खरंच?" ते म्हणाले आणि पुन्हा वाकून बघू लागले. नोकरी जाण्याची पाळी आली होती, पण त्यांना तो आठ बघायचा होता.

"मग इतकी वर्षं कसं केलं?" नयनाबेननी विचारलं.

काकांनी अंगठा वर केला.

नयनाबेननी त्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ते कोपरे पेशंटसाठी नव्हते तर."

"पेशंटसाठीच होते," डॉक्टर म्हणाले. "बाहेर जाऊन बघा."

काकांना काढलं नाही. माझ्यावर मात्र हुकूम निघाला: कागदावर रंगाशिवाय एक मोठी खूणही छापायची. उजव्यासाठी गोल, डाव्यासाठी चौकोन. ती मी हुकुमाच्या भाषेत स्वतः लिहिली आणि गोल कसा निघतो हे काकांना ओळीओळीने सांगावं लागलं. प्रिंटरवर नयनाबेननी एक पाटी चिकटवली: एका वेळी एकच खानं. काकांनी पाटीवरून हात फिरवला. "कोणत्या रंगावर छापलं?" "पांढऱ्या." "मग ठीक," म्हणाले.

तीन वर्षांनी ते निवृत्त झाले आणि मुलीकडे कामरेजला राहायला गेले. कात्री माझ्याकडे राहिली. खूण छापली जात असली तरी कोपरा मी कापतेच. वीस-पंचवीसची जुडी, मागचाच कोपरा. पुढचा कापला तर कागद अडकतो, हे त्यांनी किती कागद फाडून शोधलं असेल कोणास ठाऊक.

गेल्या हिवाळ्यात ते पेशंट म्हणून आले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि ते सरळ माझ्या खिडकीशी आले. नमस्कार नाही, चौकशी नाही.

"लोक म्हणतात मोतीबिंदू काढल्यावर रंग नव्यासारखे दिसतात. एक गुलाबी दे पोरी. आणि एक पोपटी."

मी दोन्ही कोरे कागद दिले. त्यांनी डावा डोळा हाताने झाकला आणि दोन्ही कागद खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरले. इकडचा तिकडे केला. मागे सिस्टर थांबल्या, रांग थांबली.

"सारखेच," ते म्हणाले.

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पण आधी धुरकट सारखे होते. आता किती सारखे आहेत ते नीट दिसतं."

आणि हसले, पूर्वीसारखे, मोठ्याने.

मी त्यांचा थेंबांचा कागद दिला. त्यावर गोल होता, 'जमणी' होतं, तो गुलाबी होता. त्यांनी यातलं काही वाचलं नाही. घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. गेटपाशी गर्दी होती. मी खिडकीतून बघत होते. रस्ता ओलांडण्याआधी ते थांबले, खिशात दोन बोटं घातली, अंगठा कोपऱ्यावरून एकदा फिरवला, आणि मग रिक्षाला हात केला.